इवल्या मोटारीचे डोळे

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला, की निफाड-लासलगावकडच्या जुन्या व्यापारी घरांत काय काय खाली उतरते! लाल कापडी बांधणीच्या चोपड्या, बंद पडलेला तराजू, लग्नातली पितळी भांडी आणि कधी कधी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून राहिलेली धातूची एखादी छोटी मोटार. रंग पोपडे धरून उडालेला, रबरी टायर कडक होऊन तडकलेले. तरीही ती हातात घेणाऱ्याला खटकते ते वेगळेच. हेडलाइटच्या जागी दोन रिकामी भोके असतात. रंग गेलेली गाडी जुनी वाटते. दिवे गेलेली गाडी आंधळी वाटते.

ही उणीव घरच्या घरी, जवळजवळ फुकट, भरून काढता येते. मात्र ते काम सोपे नाही. इवल्या गाडीचा दिवा हुबेहूब दिसावा यासाठी प्रकाशाचा स्वभाव, प्लास्टिकच्या जाती आणि स्वतःच्या हाताचा कंप या तिन्हींशी जुळवून घ्यावे लागते. आणि तो खरोखरच हुबेहूब जमला, तर व्यापारी माणसापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. त्याकडे शेवटी वळू.

खेळण्यातल्या मोटारीला दिवे नेहमीच नव्हते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ साली आपल्या छोट्या गाड्यांना ‘डिंकी टॉईज’ हे नाव दिले, तेव्हा हेडलाइट म्हणजे ओतकामातच आलेला एक उंचवटा असे आणि फार तर त्यावर चंदेरी रंगाचा ठिपका. खिडक्यांनाही काच नसे. १९५६ मध्ये मेटॉय कंपनीने ‘कॉर्गी’ गाड्या बाजारात आणल्या, त्या खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक लावून. आणि तेवढ्याच गोष्टीची तिने जोरात जाहिरात केली. साठच्या दशकात कॉर्गीने पुढचे पाऊल टाकले. हेडलाइटच्या जागी पैलू पाडलेले चमकदार खडे बसवले. त्याच दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कोलकात्यात आले आणि ‘निकी टॉईज’ या नावाने भारतीय बनावटीच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. आपल्याकडच्या माळ्यांवर सापडणाऱ्या गाड्यांत या पिढीतल्या काही असतात.

ते खडे पाहून त्या काळची मुले हरखली असतील यात शंका नाही. पण नीट पाहिले तर ती चूकच होती. पैलू हा दागिन्याचा धर्म आहे. खड्याच्या पाठीला चंदेरी मुलामा असतो आणि प्रत्येक पैलू प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो. म्हणून तो लखलखतो. खऱ्या मोटारीचा दिवा उभ्या गाडीत लखलखत नाही. तो खोल दिसतो. बाहेर काच, आत पोकळी, तळाशी चकचकीत वाटी आणि वाटीच्या मध्यावर बल्ब असा तो थरांचा पदार्थ आहे. पाहणारा एक पाऊल बाजूला सरकला, की वाटीतली चमकही सरकते. चंदेरी रंगाचा ठिपका कुठूनही तसाच दिसतो, खडा कुठूनही चमकतो. दिवा मात्र पाहणाऱ्याबरोबर हलतो. नक्कल करायची ती या हलण्याची.

आता थोडा हिशेब. जुन्या जीपचा गोल हेडलाइट सात इंचांचा, म्हणजे सुमारे १७८ मिलिमीटर व्यासाचा असे. अमेरिकेत १९४० पासून हे माप मोटारींसाठी प्रमाण ठरले आणि विलीज जीपबरोबर ते आपल्याकडेही आले. मालाच्या वजनाने मागे बसलेल्या, कच्च्या रस्त्यांवर धावणाऱ्या जीपा निफाड तालुक्यातल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर अजून असतील. हाच दिवा एकास अठराच्या मॉडेलवर सुमारे १० मिलिमीटरचा होतो, एकास त्रेचाळीसवर ४.१ मिलिमीटरचा आणि खिशात मावणाऱ्या एकास चौसष्टच्या गाडीवर अवघा २.८ मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीच्या मोठ्या दाण्याएवढा.

व्यासाचे गणित जमते; अडते ते जाडीपाशी. खऱ्या दिव्याची काच तीन मिलिमीटर जाड धरली, तर एकास चौसष्टच्या मापात तिची जाडी ०.०५ मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. कारखान्यातल्या साच्यात इतके पातळ प्लास्टिक भरत नाही. म्हणून स्वस्त गाड्यांत खिडक्या आणि हेडलाइट मिळून पारदर्शक प्लास्टिकचा एकच जाड तुकडा असतो. तो आतून बसवला, की त्याची दोन टोके पुढच्या भोकांतून डोकावतात. एक मिलिमीटर जाडीचा असा दिवा खऱ्या गाडीच्या मापात चौसष्ट मिलिमीटर जाड काचेचा ठरतो. मोतीबिंदूच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर म्हातारी माणसे जाड भिंगाचे चष्मे लावत, त्यांचे डोळे जसे दिसत, तशी ती गाडी दिसते.

काम सुरू करायचे ते भिंगापासून नव्हे, वाटीपासून. अनेक नवशिके इथेच घाई करतात आणि मग कितीही स्वच्छ भिंग बसवले तरी ते राखाडी दिसते. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने भोकाचा तळ थोडा खोल आणि गोलसर करून घ्यायचा. त्यात चंदेरी रंग भरण्याऐवजी धातूचा पातळ कागद बसवला तर परावर्तन कितीतरी चांगले मिळते. चॉकलेटवरची चंदी चालते. औषधाच्या पट्टीमागचा ॲल्युमिनियमचा कागदही चालतो, फक्त त्यावरची छपाई खाली जाईल असे पाहावे. लोखंडी गोळीच्या किंवा गुळगुळीत केलेल्या लाकडी काडीच्या टोकाने तो हलकेच दाबला, की वाटीचा आकार घेतो. मिठाईवरचा चांदीचा वर्खही कोणाला सुचेल. परंतु तो हात लावताच फाटतो, आणि जनावराच्या आतड्याच्या थरांत कुटलेल्या वर्खाविषयी आपल्या समाजात किती बोलले गेले आहे हे वाचकांना सांगायला नको. वाटीच्या मध्यावर टाचणीच्या टोकाने पांढऱ्या रंगाचा कणभर ठिपका ठेवला, की बल्ब झाला.

मग भिंग. त्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत सुंदर मार्ग केवळ उष्णतेचा आहे. मॉडेलच्या किटमध्ये सुटे भाग ज्या पारदर्शक काडीला जोडलेले असतात, ती काडी पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकची असते. किट नसेल तर स्तवनांच्या किंवा जुन्या गाण्यांच्या सीडीची तडकलेली डबी शोधावी. तिचे कडक, काचेसारखे झाकण त्याच जातीचे. त्याची अरुंद पट्टी कापून, कानशीने गोल करून काडी बनवता येते. काडीचे टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्यायचे, पण ज्योतीत घालायचे नाही. ज्योत लागली तर पॉलिस्टायरीन काळा धूर सोडत जळते आणि सगळे काजळते. ज्योतीच्या बाजूला, अंगुळभर अंतरावर, काडी बोटांत सावकाश फिरवत राहिले, की काही क्षणांत टोक मऊ होते, आखडते आणि अळंबीच्या छत्रीसारखे फुगते. पाण्याचा थेंब ज्या पृष्ठताणामुळे गोल होतो, त्याच ताणाने ते प्लास्टिकही गोल होते. कोणत्याही हत्याराचा स्पर्श न झाल्यामुळे त्या घुमटावर ओरखडा नसतो. थंड झाल्यावर धारदार ब्लेडने छत्री देठापासून कापली, मागची बाजू बारीक वॉटर पेपरवर घासून पातळ केली, की भिंग तयार. एका काडीतून दहा करावीत, त्यांतली दोन सारख्या मापाची निघतील. पैसे जात नाहीत, वेळ जातो. आणि बाजार थंड असलेल्या दुपारी दुकानात वेळच तर असतो.

ज्योतीचे हे काम दिवसाउजेडी करावे. सूर्यास्तानंतर उघड्या ज्योतीवर चिलटे-पतंग झेप घेतात, आणि पावसाळ्यात तर त्यांचे थवेच असतात. ज्या घरांत जयणा हा रोजच्या वागण्याचा भाग आहे, तिथे एका खेळण्यातल्या दिव्यापायी तेवढे जीव का घालवावेत? योगायोग असा की चातुर्मासात हे काम बाजूला ठेवण्याला व्यावहारिक कारणही आहे. दमट हवेत पाण्याचा अंश असलेला गोंद नीट वाळत नाही आणि दुधाळ राहतो.

थेंबाचा दुसरा मार्ग याच गोंदाचा आहे. भोकात गोंदाचा थेंब सोडायचा आणि वाळू द्यायचा. लाकडाला लावायचा पांढरा गोंद वाळल्यावर बऱ्यापैकी पारदर्शक होतो; परंतु त्यातले पाणी उडून गेल्याने थेंब खाली बसतो आणि भिंगाऐवजी खळगा तयार होतो. म्हणून दोन-तीन थर द्यावे लागतात. दोन नळ्यांतून येणारे इपॉक्सी आखडत नाही, पण कालांतराने, विशेषतः उन्हात, पिवळे पडते. अतिनील दिव्याखाली मिनिट-दोन मिनिटांत घट्ट होणारे रेझिन हल्ली सर्वांत लोकप्रिय आहे. ब्यूटी पार्लरमध्ये नखांसाठी वापरतात तो छोटा दिवा त्याला पुरतो. थेंब सुरेख फुगीर राहतो. मात्र घट्ट होण्यापूर्वीचे हे रेझिन त्वचेला बाधते. एकदा ॲलर्जी जडली की सहसा सुटत नाही. हातमोजे हवेतच, आणि त्या दिव्याकडे टक लावून पाहू नये. झटपट चिकटणारा सुपर ग्लू तर पारदर्शक भागाजवळ आणूच नये. त्याची वाफ आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढरट बुरशीसारखी बसते आणि तासाभराची मेहनत एका थेंबात वाया जाते.

थेंबाचा एक दोष मात्र कोणत्याही रसायनाने जात नाही. वाटी काठोकाठ भरली की आतली पोकळी नाहीशी होते आणि दिवा दवबिंदूसारखा दिसतो. देखणा, पण दिव्यासारखा नव्हे. सुटे भिंग वाटीच्या काठावर टेकवून आत हवा राखली, तरच खोली टिकते. म्हणून एकास चौसष्टच्या गाडीला थेंब क्षम्य. त्याहून मोठ्या मॉडेलला सुटे भिंगच हवे.

निफाडच्या थंडीचाही इथे संबंध येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात द्राक्षबागाइतदारांची झोप उडवतात. अशा सकाळी इपॉक्सी मधासारखे दाट होते, ढवळताना शिरलेले बुडबुडे बाहेर पडत नाहीत आणि ते घट्ट व्हायला दुप्पट वेळ घेते. नळ्या दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवल्या की रसायन पातळ होते आणि बुडबुडे आपोआप वर येतात. पाण्याचा थेंब मात्र नळीत जाऊ देऊ नये.

आजच्या गाड्यांचे दिवे गोल नाहीत. १९८० च्या दशकापासून काचेची जागा पॉलिकार्बोनेटने घेतली आणि दिव्याला हवा तो आकार देता येऊ लागला. बाजूला वळसा घेणारे, डोळे वटारल्यासारखे, पट्टीसारखे. नाशिकच्या सातपूर भागातल्या महिंद्रच्या कारखान्यातून गेल्या काही दशकांत बाहेर पडलेल्या गाड्या ओळीने उभ्या केल्या, तर गोल दिव्यापासून तिरप्या दिव्यापर्यंतचा हा सारा प्रवास त्यांच्या चेहऱ्यांवर दिसेल. असे आकार थेंबाने जमत नाहीत. त्यासाठी बांबूच्या किंवा पितळेच्या तुकड्याला दिव्याचा आकार देऊन त्यावर गरम केलेला पातळ पारदर्शक पत्रा दाबायचा. मिठाईच्या खोक्याचे झाकण, खुद्द खेळण्याच्या गाडीवरचे वेष्टन, काहीही चालते. फक्त तळाचा त्रिकोण पाहावा. त्यात १ हा आकडा असेल तर ते पेट, निर्धास्त वापरावे. ३ असेल तर ते पीव्हीसी. ते तापवले की घातक आम्लयुक्त वाफ सुटते. औषधाच्या पट्टीवरचे पारदर्शक फुगे बहुधा पीव्हीसीचेच असतात. त्यामागचा चंदेरी कागद वापरावा, पुढचे प्लास्टिक तापवू नये.

ओझर याच तालुक्यात आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या तिथल्या, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यात लढाऊ विमाने तयार होत आली. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक आवरणही प्लास्टिकचा पत्रा तापवून घडवता येते. मोहरीएवढ्या दिव्याचे आणि विमानाच्या छत्राचे तंत्र तत्त्वतः एकच आहे: प्लास्टिक मऊ होईल इतके तापवायचे, वितळेल इतके नाही, आणि साचा आरशासारखा घोटून घ्यायचा. साच्यावर राहिलेला ओरखडा पत्र्यावर उमटतोच. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, मग पितळ चमकवायचे पॉलिश किंवा साधी टूथपेस्ट आणि मऊ सुती कापड एवढ्यावर हा आरसा साधतो.

जुन्या दिव्यांच्या काचेवर उभ्या रेघा असत, प्रकाश रस्त्यावर पसरवण्यासाठी. हुबेहूबपणाचा खरा कस तिथे लागतो. खऱ्या दिव्यावर सेंटिमीटरभर अंतरावर असलेल्या रेघा एकास चौसष्टच्या भिंगावर ०.१६ मिलिमीटर अंतरावर येतात. त्या पुढून कोरल्या तर भिंग खरडल्यासारखे दिसते. मागच्या सपाट बाजूवर, नव्या ब्लेडने, पट्टी धरून, हलक्या हाताने ओढल्या तर पुढून पाहताना घुमट त्या रेघा थोड्या मोठ्या करून दाखवतो आणि काच जिवंत होते. वीस भिंगांपैकी एखादेच असे साधते. उरलेली टाकून न देता मागच्या दिव्यांसाठी ठेवावीत. त्यांच्यावर पारदर्शक लाल रंगाचा हात फिरवला की चूक झाकते.

या साऱ्या सामग्रीत जुन्या कारागिरांचे दोन आवडते पदार्थ मुद्दामच आलेले नाहीत: चमकीसाठी लाख आणि चिकटवण्यासाठी सरस. लाख कीटकांपासून मिळते, सरस जनावरांच्या हाडा-कातड्यापासून. लाखेचा व्यापार तर श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत गणला आहे. कृत्रिम रेझिनने ही अडचण दूर केली, एवढे श्रेय त्या रसायनाला दिले पाहिजे.

घरातला मुलगा यात रमला तर वडिलांना दोन शंका येतात. पहिली, याचा धंदा होईल का? शे-दोनशे रुपयांच्या गाडीला तीन दुपारींचे श्रम लावले तर ताळेबंद कधीच जुळणार नाही. मुलांच्या खेळण्यांचे उत्पादन करायचे म्हटले, तर १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे, आणि गोंदाने चिकटवलेला तीन मिलिमीटरचा दिवा तान्ह्या मुलाच्या हातात देण्याजोगी वस्तू नव्हेच. आयात खेळण्यांवरचा सीमाशुल्काचा दर २०२० मध्ये वीसवरून साठ टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये सत्तर टक्क्यांवर गेल्याने देशी कारखानदारांना वाव मिळाला, हे खरे. पण ते लाखांनी गाड्या ओतणाऱ्यांचे गणित आहे. दुसरी शंका परिग्रहाची. छोट्या गाड्या जमवणारा माणूस शंभरावर थांबत नाही, पाचशेवरही नाही. कपाटे भरतात आणि न उघडलेली वेष्टने तशीच राहतात. परिमाणाचे व्रत घेतलेल्या घरात हे खटकणारच. मात्र जो स्वतः भिंग घडवतो तो महिन्याला एक गाडी पुरी करतो, आणि नवी विकत घेण्याआधी हातातली संपवतो. त्याचे कपाट सहसा भरत नाही.

राहिला तो शेवटचा प्रश्न. जुन्या गाड्यांना संग्राहकांच्या बाजारात भाव आहे, आणि तो मूळपणाला आहे. मूळ रंग, मूळ टायर, मूळ दिवे असतील तर एक भाव. दुरुस्त केलेली असेल तर त्याहून बराच कमी. समजा, माळ्यावरच्या गाडीचा उजवा दिवा शाबूत आहे, डावा हरवला आहे. नवे भिंग बसवले तर ते स्वच्छ पांढरे, आणि जुने पन्नास वर्षांत किंचित पिवळे पडलेले. दोन डोळे दोन रंगांचे दिसतात. कुशल कारागीर रेझिनमध्ये पिवळ्या-तपकिरी रंगाचा सुईच्या टोकाएवढा अंश मिसळतो, आणि नवा दिवा जुन्याशी असा जुळतो की भिंग लावूनही ओळखू येऊ नये. कारागिरी म्हणून याहून वरची पायरी नाही. व्यापार म्हणून इथूनच पाय घसरतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ नावाचा एक अतिचार आहे: नकली वस्तू अस्सल म्हणून चालवणे. तुपात भेसळ करणारा त्यात येतो हे प्रत्येक जण मान्य करील. तीन मिलिमीटरच्या दिव्याबद्दल गप्प राहणारा येतो का, असे विचारले तर अनेक जण हसतील. वस्तू लहान आहे म्हणून दोष लहान, असा सूटदर मात्र त्या व्रतात नाही.

जुन्या वस्तूंच्या प्रामाणिक दुरुस्तीची रीत साधी आहे. गाडी उलटी करून तळाच्या पत्र्यावर, पुढच्या चाकांच्या मधोमध, अगदी बारीक निबाच्या न पुसणाऱ्या पेनाने वर्ष लिहायचे. गाडी मांडून ठेवली असता ते कोणाला दिसत नाही, आणि विकत घेणारा गाडी उलटी करून पाहिल्याशिवाय राहत नाही. खोक्यात एक चिठ्ठी ठेवायची, चोपडीतल्या नोंदीइतकी कोरडी: उजवा दिवा मूळचा, डावा नवा, टायर बदललेले, रंगाला हात लावलेला नाही.